यादीत राहून गेलेलं उखळ

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. पोटात खळगा आहे म्हणून माणसं मला उखळ म्हणतात. तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरची चटणी मिक्सरमध्ये किंचाळत बारीक होते. किंचाळू द्या बापडीला, तुम्ही माझं ऐका.

जुन्या देवळांच्या चारठाण्याकडच्या एका पाथरवटाने मला घडवलं. "देवळाच्या दगडाचा सख्खा भाऊ हाय," असं सांगून त्याने मला कडूबाईला विकलं. खरं-खोटं देव जाणे, पण मी तेव्हापासून जरा ताठ्यातच असतो. कडूबाईने मला चुडाव्याला नेलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पुरलं. पुढची पन्नास वर्षं मी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे वरचे पत्रे. गावाजवळून रेल्वे जाते. ती मला कधी दिसली नाही, नुसती जमिनीतून कळायची. सगळं अंग थरथरायचं आणि मी मनात म्हणायचो, केवढं मोठं जनावर असेल हे!

काम मात्र मी दाबून केलं. मिरच्या, हळद, कारळाची चटणी. गल्लीत लग्न निघालं की मुहूर्ताची हळद माझ्याच पोटात कुटायची. मुसळाला आंब्याची पानं बांधून पाच सवाष्णी हात लावायच्या. मग मिक्सर आला. माझ्या तोंडावर फळी पडली आणि फळीवर कांदे. कडूबाई थकली, अंथरुणाला खिळली. जाण्याआधी सुनेचा, सविताचा हात धरून एवढंच म्हणाली, "माझ्या नातीची, प्रियांकाची हळद ह्याच्यातच कूट बरं." सविता हो म्हणाली. ते मी ऐकलं आहे.

कडूबाईचा मुलगा परमेश्वर रेल्वेत कामाला आहे. रोज चुडावा ते पूर्णा आणि परत, त्याला कंटाळा आला. पूर्णेला एक घर त्याच्या मनात भरलं. पण इथलं घर विकल्याशिवाय तिथलं घेता येईना, आणि तिथलं हाती आल्याशिवाय इथलं सोडवेना. शेवटी इथल्या घराला गिऱ्हाईक मिळालं, रामहरी आणि बानूबाई. मेंढरं राखणारी माणसं. जन्मभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडलेली. त्यांचं हे आयुष्यातलं पहिलं घर. एकाच दिवशी दोन्ही खरेदीखतं करायची ठरली, सकाळी इथलं आणि दुपारी तिथलं.

वादावादी नको म्हणून परमेश्वरने वहीत यादी केली. पंखे आमचे, पाण्याची मोटार तुमची, टाकी तुमची. सगळं लिहिलं आणि नेमकं मीच राहून गेलो! यादी चालली होती तेव्हा बानूबाई माझ्यापाशी बसली होती. तिने फळी सारली, माझ्या पोटात हात घातला आणि हळूच म्हणाली, "असं उखळ लय दिसापासून पायजे व्हतं. चालत्या बिऱ्हाडात दगड कुठं वाहावा?" कुणाचंच लक्ष नव्हतं. जमिनीत पुरलेलं ते घराबरोबर येणार, असं बानूबाईने धरलं. सासूची वस्तू सुनेची, असं सविताने धरलं. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून तर घोळ झाला.

खरेदीखताच्या सकाळी चार गड्यांनी पहारी लावून मला उपटलं. तेव्हा मी पहिल्यांदा माझं खालचं अंग पाहिलं. वर घोटून गुळगुळीत आणि खाली नुसता ओबडधोबड धोंडा. देवळाचा भाऊ म्हणे! दारात बानूबाई उभी होती.

"हे बी चाललं व्हय?"

"सासूबाईचं हाय ना ताई."

"हां... मग न्या." ती एवढंच बोलली आणि त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

टेम्पोत मला तोंड वर करून ठेवलं आणि वर आभाळ! बाप रे बाप! पन्नास वर्षांत मी खरं आभाळ विसरून पत्र्यालाच आभाळ समजत होतो. ह्याला ना खिळे, ना जोड. पुढे फाटक लागलं आणि ते जनावर आलं. डब्यामागे डबे, डब्यामागे डबे, खिडक्याखिडक्यांत माणसं. टेम्पो हादरला आणि मी ओळखलं. अरे, ही तर तीच, रोज रात्री माझं अंग हलवणारी!

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात टेम्पो लिंबाखाली लावला. सह्या झाल्या, अंगठे झाले आणि चुडाव्याचं घर रामहरी-बानूबाईचं झालं. पूर्णेच्या घराचा नंबर मात्र दुपारी होता. मधल्या तेवढ्या वेळात, मित्रांनो, माझ्या माणसांना जगात कुठेच घर नव्हतं. सविता टेम्पोत माझ्या काठावर टेकून बसली होती.

"आई, आत्ता कुणी पत्ता इचारला तर काय सांगावं?" प्रियांकाने विचारलं.

सविताने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्यावर थाप मारली. "हे सांग."

मी दगड आहे, पण माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी सह्या झाल्या, किल्ली मिळाली. घर पहिल्या मजल्यावर होतं. गड्यांनी धापा टाकत मला वर नेलं, चकचकीत फरशीवर ठेवलं आणि परमेश्वरने कपाळाला हात लावला. "अगं, हितं पुरायचं कुठं? खाली जमीन न्हाई, दुसऱ्याचं छत हाय!"

घर म्हटलं की खाली माती असायचीच, हे आम्ही सगळे इतकं धरून चाललो होतो की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासकट! सविताने खाली पोतं घालून कुटून पाहिलं. मी डुगडुगलो. दोन घाव पडले नाहीत तोच खालच्या रुख्मिणीबाई वर आल्या. "ताई, आमचा पंखा हलायलाय वो." प्रियांकाचं लग्न महिन्यावर आलेलं. सविता माझ्याशेजारी बसून रडली. "सासूबाईला शब्द दिला व्हता मी," म्हणाली. मलाही फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी सविता मला परत द्यायला निघाली आणि मी पुन्हा टेम्पोत. चुडाव्याला आलो तर ओसरीत कोपऱ्यावर घोंगडी अंथरलेली. बानूबाईने ती उचलली. खाली माझा खड्डा जसाच्या तसा!

"बुजवला न्हाई?" सविताने विचारलं.

"ह्यांनी माती आनली व्हती. मीच नगं म्हणलं. आमी जलमभर जागा सोडत आलो ताई, कुणाची जागा बुजवली न्हाई. कोकरू पडू नये म्हणून घोंगडी घातली."

सविता खड्ड्याच्या काठाशी बसली. म्हणाली, "उखळ तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. फकस्त माझ्या प्रियांकाची हळद हितं कुटू द्याल का?"

"इचारता काय? घर तुमचं..." बानूबाई सवयीने बोलून गेली आणि थांबली. तिने पत्र्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून बोलायची सवय तिला. "न्हाई. घर माझं हाय," ती सावकाश म्हणाली. "मी सांगते, या. समदे या."

आकाशाएवढंच ते वाक्य मला मोठं वाटलं. हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी जमल्या आणि मुसळाला पहिला हात बानूबाईचा लागला, घरधनीण म्हणून.

आता मी पुन्हा गळ्यापर्यंत जमिनीत आहे. रात्री अंग थरथरतं, पण आता मला ठाऊक आहे कोण चाललंय ते. मित्रांनो, घर सोडताना यादी जरूर करा. पण कोण कशावर हात ठेवून बसलं आहे, तेही एकदा बघा, आणि जुन्या वस्तूची जागा घाईने बुजवू नका. कधी चुडाव्याला आलात तर बानूबाईला विचारा, हे घर कुणाचं? तिला ते सांगायला लय आवडतं.