माझ्या नव्या मालकाचा पहिला दिवस

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मी एका माणसाचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे, दुसऱ्याच्या तीन बरगड्या मोडल्या आहेत आणि एका नव्याकोऱ्या गाडीचं छप्पर डब्याच्या झाकणासारखं उघडलं आहे. हे सगळं चाळीस सेकंदांत, आणि तेही जमिनीवर. तुमच्या पुस्तकांत माझ्यासारख्यांचं चित्र ढगांमध्ये हसताना काढलेलं असतं. ढगांत मी खरंच कधी कुणाच्या वाटेला गेलेलो नाही. जे काही झालं ते खाली, माणसांमध्ये राहून झालं.

मी एक छोटं, चार जणांचं, एका इंजिनाचं खासगी विमान आहे. पंख डोक्यावर, चाकं तीन आणि नाकावर दोन पात्यांचा पंखा. वय चव्वेचाळीस. या वयात माणसं गुडघ्यांविषयी बोलायला लागतात, मी अजून उडतो.

माझा जन्म मारहाणीतच झाला. विमानाचे पत्रे चिकटवत नाहीत, ठोकून जोडतात. एक कामगार बाहेरून खिळा ठोकायचा आणि दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. असे कित्येक हजार खिळे. आतला कामगार संध्याकाळपर्यंत ठार बहिरा झालेला असायचा आणि बायकोने काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचा. त्याचा संसार सुखाचा होता असं ऐकलं. तर सांगायचं काय, मार मला नवा नव्हता. पण तो मार मला जोडण्यासाठी होता. फरक पुढे कळला.

माझे आधीचे मालक डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मला बावीस वर्षं सांभाळलं. त्या काळातही सगळं गोडगोड नव्हतं. एकदा गारांनी माझ्या पंखांवर चारशे खड्डे पाडले. एकदा एक घार समोरची काच फोडून थेट आत आली. ती जागीच मेली आणि डॉक्टरांच्या कपाळाला सात टाके पडले. डोळ्यात रक्त उतरत असताना त्यांनी मला एका डोळ्याने खाली उतरवलं आणि उतरल्यावर आधी माझी काच पाहिली, मग आरसा मागितला.

माझी देखभाल करायचा तो मिस्त्री. उंच, किरकोळ, कमी बोलणारा. माझ्या पोटावरून नुसता हात फिरवून कुठला स्क्रू सैल आहे ते तो सांगायचा. त्याचा एकच नियम होता आणि तो हँगरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी झाडूवाल्या मावशींनाही, तो ऐकवायचा : "पंख्याला हात लावायचा नाही. बंद असला तरी लावायचा नाही. तो कधीच पुरता बंद नसतो." मावशी माझ्यापासून चार हात लांबूनच झाडायच्या. माझ्या नाकाखाली बावीस वर्षांची धूळ साचली होती, पण मावशींची दहाही बोटं शाबूत होती.

मग डॉक्टरांच्याच डोळ्यांनी दगा दिला. दुसऱ्यांचे डोळे तपासून आयुष्य गेलं आणि वैमानिकांच्या तपासणीत स्वतःला तिसरी ओळ वाचता येईना. त्यांनी मला विकायला काढलं.

नवा मालक आला तो इमारती पाडण्याचा कंत्राटदार होता. जुने पूल, कारखान्यांच्या चिमण्या, गोदामं, काय म्हणाल ते दोन दिवसांत सपाट. खांदे दाराएवढे, आवाज दगड फोडायच्या यंत्रासारखा. आला तो आधी माझ्या चाकाला लाथ घालून पाहिली. मग पंखावर थापट्या मारल्या. मग दार इतक्या जोरात आपटलं की बिजागरी वाकली. त्याला मी आवडलो होतो. आवडलेल्या वस्तूशी तो असाच वागायचा, आणि माणसांशीही. त्याच्या कामगारांच्या पाठी थापांनी चेपलेल्या असायच्या आणि गाल इतर कारणांनी.

डॉक्टर म्हणाले, "याच्या सवयी सांगतो. थोडा वेळ लागेल."

"डॉक्टरसाहेब, मी बारा मजले पाडतो. हे एवढंसं आहे," कंत्राटदार म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. दिसत किती होतं कोण जाणे. मग काठी टेकत गेले.

आता गंमत बघा. कंत्राटदाराने विमान का घेतलं? तर आईसाठी. त्याची आई पंचाहत्तर वर्षांची, एवढीशी, वाळक्या शेंगेसारखी. तिने एकदा सहज म्हटलं होतं, की मरायच्या आधी जमीन वरून कशी दिसते ते बघायचंय. साध्या प्रवासी विमानाचं तिकीट काढलं असतं तरी काम झालं असतं. पण या माणसाला दार उघडण्यापेक्षा भिंत पाडणं सोपं वाटायचं. जगात त्याचा आवाज फक्त एका माणसासमोर खाली यायचा, ती ही आई.

त्याचं विमान शिकणं तेव्हा निम्म्यावर होतं. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट बजावलं होतं, अजून कुणालाही सोबत बसवायचं नाही. तरी एका रविवारी सकाळी पाहुण्यांनी हँगर भरला. टेबलावर केक, सरबत, फुलं. बाजूला त्याची नवी गाडी उभी. ती दिसावी म्हणूनच तिथे उभी केलेली. थोडं पुढे विमानांना पेट्रोल भरायचा टँकर. माझ्या चाकांपुढचे लाकडी ठोकळे फोटोत बरे दिसत नाहीत म्हणून त्याने पायाने उडवून दिले. सकाळपासून माझे सगळे दिवे आणि रेडिओ चालू ठेवून तो पाहुण्यांना वैमानिकाच्या आवाजात बोलून दाखवत होता. त्यामुळे ऐन वेळी त्याने किल्ली फिरवली तेव्हा माझ्या बॅटरीत कण्हण्यापुरतीसुद्धा ताकद उरलेली नव्हती.

आई तोवर मागच्या सीटवर बसली होती, पट्टा आवळून. शेजारी बसायला बायकोला बोलावलं तर ती म्हणाली, "मी खालून टाळ्या वाजवते. कुणीतरी वाजवायला नको का?" फार शहाणी बाई.

मिस्त्री पुढे आला. "साहेब, आज राहू द्या. बॅटरी चार्ज करावी लागेल. आणि बाईंनी परवानगी दिलेली नाही."

"ए मिस्त्री, विमान कोणाचंय?"

"तुमचंच. पण मागे आजी बसल्यात."

"माझी आई मला शिकवतोस?"

आणि सगळ्यांसमोर त्याने मिस्त्रीच्या कानाखाली वाजवली. आवाज हँगरच्या पत्र्यांवर दोनदा घुमला. हातातलं सरबत कुणी प्यायलं नाही. पन्नाशीचा माणूस तो. त्याने गालाला हात लावला नाही, फक्त म्हणाला, "दुसरी बॅटरी आणतो. तोवर कशालाही हात लावू नका." आणि मागच्या खोलीकडे गेला. घरी निघून गेला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती.

तीन मिनिटं गेली. पाहुणे घड्याळं बघू लागले. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं की कंत्राटदाराच्या कानशिलाची शीर उडायची. त्याच्याकडे दगड फोडायचं एक जुनं इंजिन होतं. ते अडलं की तो इंधनाची मूठ शेवटपर्यंत ढकलायचा आणि चाक हाताने गरकन फिरवायचा. इंजिन भडकून सुरू व्हायचं आणि जागेवरच थडथडत राहायचं, कारण ते जमिनीत बोल्टने आवळलेलं होतं.

मला कुणी जमिनीत आवळलेलं नव्हतं.

त्याने आत वाकून माझी वेगाची काळी मूठ शेवटपर्यंत ढकलली. किल्ली चालूवर ठेवली. मग समोर आला, दोन्ही हातांनी माझं पातं धरलं आणि एखादा खांब उपटावा तसा हिसका दिला.

मित्रांनो, मला थांबता येत नाही. ठिणगीला मला बॅटरी लागत नाही, पंखा फिरला की ती पडते; ठिणगी पडली, पेट्रोल मिळालं, की मी धावतो. मला तेवढ्याचसाठी बनवलंय. पातं उलटं येऊन त्याच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. तो आडवा पडला म्हणून वाचला. त्याच्या अंगावरून माझं पोट गेलं, डावं चाक त्याच्या टोपीवरून गेलं आणि मी सुटलो. चालकाची जागा रिकामी, मागे पंचाहत्तर वर्षांची बाई.

टेबल पहिलं गेलं. केकचे, काचांचे आणि फुलांचे तुकडे पाहुण्यांवर सारखेच वाटले गेले. माणसं एकमेकांना तुडवत पळाली. जो भाऊबंद सकाळपासून "दादा, दादा" करत होता, त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांना ढकलून दाराची जागा मिळवली. मग गाडी. माझ्या पात्यांनी तिचं छप्पर फाडलं, पत्र्याचे लांब लांब काप हवेत उडाले, सीटमधला कापूस बर्फासारखा पडू लागला. एक पातं टोकाशी वाकलं. त्या धक्क्याने माझं नाक वळलं आणि समोर आला टँकर.

आत आजी ओरडत नव्हत्या. त्यांनी मान पुढे काढून एकदा टँकरकडे पाहिलं आणि हातातल्या काठीने माझ्या तबकड्या फोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. वेग दाखवणारी, उंची दाखवणारी, सगळ्या काचा खळाखळा पडल्या. घराण्याचा हातच तसा होता. मी काही थांबलो नाही.

मागच्या खोलीतून मिस्त्री बॅटरी टाकून धावत सुटला. त्याने माझ्या पंखाखालचा दांडा पकडला. मी त्याला फरफटत नेलं. त्याची छाती एका लोखंडी पिंपावर आदळली आणि तिथे बरगड्या गेल्या. खांदा निखळला. पण त्याने दांडा सोडला नाही. "आजी, दार! दार ढकला!" आजींनी पुढे वाकून काठीने दार ढकललं. तो पोटावर आत पडला. नाकातोंडातून रक्त, एक हात लुळा. दुसऱ्या हाताने त्याने लाल मूठ ओढली, जी माझं पेट्रोल तोडते, आणि ब्रेकच्या पायपट्टीवर डोकं आपटत अंग झोकून दिलं.

मी थांबलो. टँकर आणि माझं नाक यांच्यामध्ये झाडूवाल्या मावशी जेवढं अंतर ठेवायच्या तेवढंच उरलं होतं.

आजी आपणहून उतरल्या. लांबवर त्यांचा मुलगा हात छातीशी धरून विव्हळत होता, "आई, आई गं." त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. आपली शाल मिस्त्रीच्या डोक्याच्या जखमेवर दाबून धरली आणि तिथूनच हाक मारली, "उठ. तुझे पाय शाबूत आहेत. डॉक्टरला बोलाव, याच्यासाठी."

मिस्त्री सहा आठवडे इस्पितळात होता. त्याचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वरच्या पंखाचे स्क्रू तो स्टुलावर चढून तपासतो. मला याचं दुःख आहे. ज्या हाताने मला बावीस वर्षं ओळखलं, तो मी निकामी केला. माझी चूक नव्हती असं सगळे म्हणतात. तरी पिंप लागलं तेव्हा धावत होतो मीच.

कंत्राटदार दोन महिन्यांनी हँगरमध्ये आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात घण. मिस्त्री स्टुलावर होता.

"बाजूला हो. याला मोडतो. आईला मारणार होतं हे."

"हे नव्हतं मारणार," मिस्त्री स्टुलावरून हळूच उतरत म्हणाला. "तुम्ही मारणार होता."

कंत्राटदाराने घण उचलला आणि घातला. डाव्या हाताचा नेम, शेपटीच्या पत्र्यावर बसला. पत्रा आत गेला, खिळे तुटून उडाले, एक मिस्त्रीच्या पायाशी घरंगळला. त्याने घण पुन्हा उचलला, या वेळी पंखाच्या बाजूने. मिस्त्री ओरडला नाही, आडवा आला नाही. आडवा यायला त्याच्यापाशी हातच एक होता.

"साहेब, पंखात पेट्रोल आहे. ठिणगी उडाली तर तुम्ही, मी आणि अर्धा हँगर."

घण वरच्या वर थांबला. या माणसाने आजवर इतके पूल, इतक्या चिमण्या, इतके गाल फोडले होते, पण घाव घालण्याआधी कुणाला काही विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मग..." त्याचा आवाज खाली आला. "मग काय करू, मिस्त्री? तुम्ही सांगा."

"खाली ठेवा. सावकाश. लाकडाच्या फळीवर."

त्याने घण खाली ठेवला. सावकाश. लाकडाच्या फळीवर. मग तिथेच जमिनीवर बसला आणि त्याच्या खांद्यांना जे काही होत होतं ते मिस्त्रीने पाहिलं नाही. तो शेपटीचे तुटलेले खिळे गोळा करत होता.

मित्रांनो, कागदावर मी त्या माणसाचा कधीचाच झालो होतो. तो माझा मालक झाला त्या फळीपाशी. तुम्हीही मोठे व्हाल. गाडी घ्याल, यंत्र घ्याल, कुणी सांगावं, विमानही घ्याल. खुशाल घ्या. फक्त 'हे माझं आहे' म्हणून हात घालण्याआधी, त्या वस्तूजवळ जो आयुष्यभर वाकून उभा आहे त्याला एकदा 'काय करू?' असं विचारा. नाही विचारलंत तर आम्ही रागावत नाही. आम्ही फक्त सुरू होतो.