खुशी बसायची तो गंज

‘बाई, पोट्टीले गंजात नोका बसवू. आज थंडा हाय, उद्या गरम राहीन. तिले काय समजते?’

बकाराम आचारी असं म्हणाला तेव्हा प्राची हसली होती. ‘काका, इथं शेडमध्ये कुठली आग? तुम्ही चहा घ्या,’ असं म्हणून तिने एक जुनी गोधडी चार घड्या करून अंथरली आणि आपल्या आठ महिन्यांच्या लेकीला, खुशीला, तिच्यावर बसवलं.

ती गोधडी माझ्यात अंथरलेली होती, मित्रांनो. मी एक जुना गंज आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि मी जर्मनचा, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या ॲल्युमिनियमचा आहे. मी बसका आणि रुंद आहे. माझी उंची मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी, पण तोंड इतकं रुंद की दोन लहान मुलं आत मांडी घालून बसतील. बसतील म्हणतो, पण बसायची ती एकटी खुशीच.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथे माझा पत्रा ठोकला गेला, काठ वळवला गेला, दोन बाजूंना कड्या बसल्या. दुकानात मी पुष्कळ दिवस पडून होतो. मग एके दिवशी एक नवी नवरी आली. हातात हिरवा चुडा, खांद्याला कॉलेजची पिशवी. तिने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, ‘हा द्या.’ ती प्राची. सासर सौंदडचं. तिथे तिने बिछायत केंद्र काढलं होतं. लग्नाकार्याला लागणारी भांडी, खुर्च्या, सतरंज्या भाड्याने देण्याचं दुकान. माझ्याबरोबर तिने एक मोठी पितळी परात घेतली. ती पालथी घातली की माझ्या तोंडावर बरोबर बसायची. परातीवर तिने नाव कोरून घेतलं, ‘प्राची बिछायत केंद्र, सौंदड’.

कोरणाऱ्याने विचारलं होतं, ‘मिस्टरचं नाव नाही टाकायचं?’

‘दुकान माझं आहे,’ ती म्हणाली. बाजूला उभा असलेला तिचा नवरा दुर्गेश तेव्हा हसला होता. तो गाडी चालवायचा. आम्हाला सगळ्यांना पिकअपमध्ये चढवून गावोगाव नेणारा तोच.

माझं काम एकच. लग्नात सहाशे माणसांचा भात शिजला की तो बांबूच्या मोठ्या टोपल्यात ओततात. खाली पेज गळते, ती झेलायला मी. टोपलं माझ्यावर नीट बसावं, कलंडू नये, म्हणून आचारी जमिनीत हातभर खड्डा करून मला त्यात रोवून ठेवत. मग माझा काठ जमिनीपासून चार बोटंच वर राही. टोपलं उचललं की वर परात पालथी घालायची. हा बकारामचा नियम होता आणि तो कधी चुकत नसे.

लग्नं नसत तेव्हा मी शेडमध्ये असे. प्राची सकाळी सहाला यायची. गोवऱ्यांच्या राखेने भांडी घासायची, खुर्च्यांवरची वाळलेली भाजी खरवडायची. कामाला बाया मिळाल्या तर मिळाल्या. खुशी झाल्यावर तिला कुठे ठेवायचं? घरी सासू आजारी. खाली जमिनीवर ओल, मुंग्या, कधीमधी विंचू. माझे काठ उंच होते, आत काही चढत नव्हतं. तिला वाटलं, याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं होतं.

खुशी माझ्यात बसली, माझ्यात रांगली, माझ्या कडीला धरून उभी राहिली. दीड वर्षाची झाली तेव्हा प्राचीने बाहेरून एक वीट लावून दिली. विटेवर एक पाय, दुसरा पाय काठावरून आत, की बसली. आत पांढरी चादर असायची. ती आत बसून पळीने माझ्या पोटावर वाजवायची आणि प्राची बाहेरून ओरडायची, ‘अगं, पोचा पाडशील!’ माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. बकाराम मात्र येता-जाता मान हलवायचा.

प्राचीचं चार बायकांत जाणं-येणं आमच्याबरोबरच व्हायचं. तिला पत्रिका येत नसे, फोन येई. ‘शंभर खुर्च्या, चार गंज, दोन कढया पाठव. अन् तूही ये जेवायला.’ ती जायची. चांगली साडी पिशवीत घालून न्यायची, सामान उतरवून झालं की कुणाच्या तरी न्हाणीत नेसायची. मग बायकांत जाऊन बसायची. बसली की पाच मिनिटांत कुणीतरी यायचंच. ‘ताई, ग्लास कमी पडून राहिले.’ ती उठायची. परत येईपर्यंत तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असायचं. हळदीकुंकू लागत लागत तिच्यापर्यंत आलं की ती नेमकी मागच्या अंगणात असायची, चमचे गोळा करत.

रिंकू तिची कॉलेजची मैत्रीण. गोंदियाला दोघी एका बाकावर बसून बी.कॉम. झालेल्या. रिंकू पुढे शालीकराम पाटलांच्या मोठ्या घरात सून होऊन गेली. तिच्याकडे बायकांची भिशी असायची, बारशी असायची, आणि खुर्च्या प्राचीकडून जायच्या.

‘आली वो आपली भांडेवाली!’ रिंकू सगळ्यांसमोर म्हणायची. ‘अवो, आपापल्या वाट्या सांभाळा. हिला वाटीन आपल्याच हायेत.’

बायका हसायच्या. प्राचीही हसायची. हसताना पदर उलटून बघायची, राखेचा डाग तर नाही ना. मी मागे असायचो, पण हसणं भिंतीपलीकडे येतं, मित्रांनो.

तीन उन्हाळ्यांपूर्वी रिंकूच्या नणंदेचं लग्न होतं. खुशी तेव्हा तीन वर्षांची. प्राचीने त्या लग्नासाठी महिनाभर आधीपासून मोरपंखी साडी काढून ठेवली होती. दुपारची वेळ. बकारामने मांडवामागे खड्डा करून मला रोवलं. पहिला भात शिजला, टोपल्यात ओतला गेला आणि मी उकळत्या पेजेने काठोकाठ भरलो. टोपलं उचलून त्याने परात पालथी घातली. मग एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने मुन्ना नावाचा वाढपी, असे दोघे ते टोपलं मांडवाकडे घेऊन गेले.

आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीला पाटावर बसवून परातीत त्यांचे पाय धुतात. नातलग एकेक करून येतात, पाय धुतात, आहेर ठेवतात. त्याची वेळ झाली होती. रिंकू धावत मागे प्राचीकडे आली.

‘प्राची, तुझी ती पितळी परात दे ना वो. घरच्या परातीत दोघांचे पाय नाही मावत. फोटोवाला कटकट करून राहिला.’

‘ती गंजावर झाकलीय गं. पेज आहे खाली.’

‘मंग काय झालं? दहा मिनिटं. अन् तूच घेऊन ये. तूही धू पाय, फोटो काढू आपण. तू काय परकी हाय का?’

तू काय परकी हाय का. हे वाक्य प्राचीने किती वर्षं ऐकायची वाट पाहिली होती, ते मला माहीत आहे. मनातलं असं ती माझ्याशिवाय कुणाशी बोलत नसे.

तिने परात उचलली. मी शपथेवर सांगतो, उचलण्याआधी तिने चारी बाजूंना बघितलं होतं. कुणी नव्हतं. तिला वाटलं, खुशी गाडीजवळ बापाकडे आहे. गाडीजवळ खुर्च्या उतरवणाऱ्या दुर्गेशला वाटलं, पोरगी आईबरोबर आहे. तिने पदराने परात पुसली, कोरलेलं नाव वर दिसेल अशी धरली आणि मांडवात गेली.

पेज थोडी निवली की तिच्यावर साय धरते. पातळ, पांढरी, गुळगुळीत. वरून बघितलं तर वाटावं, कुणी चादर ताणून अंथरली आहे. खाली मात्र ती उकळल्यासारखीच असते.

खुशी गाडीकडून आली. अनवाणी, पिवळा फ्रॉक, हातात बुंदीचा लाडू. तिने मला ओळखलं. एवढ्या परक्या माणसांत तिला तिची जागा दिसली. आज तर वीटही लागत नव्हती, काठ इतका खाली होता. तिने लाडू एका हातात धरला आणि रोजच्यासारखा एक पाय उचलला.

लोक म्हणतात, पोरगी गंजात पडली. ती पडली नव्हती, मित्रांनो. ती बसायला आली होती.

त्यानंतरचा आवाज मी सांगणार नाही. मी भांडं आहे, मला बाजूला सरकता येत नाही, आणि मला तर रोवलेलं होतं. बकाराम परत येत होता. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्यात घातले आणि तिला बाहेर काढलं. मांडवात बँड वाजत होता. बराच वेळ कुणाला काही कळलं नाही.

प्राची धावत आली तेव्हा तिच्या हातांना हळदीचं पाणी लागलेलं होतं. ओल्या चादरीत गुंडाळलेली पोर घेऊन ती गाडीत चढली. परातीची गोष्ट कुणीतरी दुर्गेशच्या कानावर घातली होती. त्याने गाडी सुरू केली, तिच्या मोरपंखी साडीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘निघाला का फोटो?’

लग्न थांबलं नाही. एक म्हातारी म्हणाली, ‘लग्नाघरी असं रडणं बरं नाही, जाऊ द्या त्यायले लवकर.’ पाच मिनिटांनी पाय धुणं पुन्हा सुरू झालं, त्याच परातीत. मला उचकटून भिंतीशी ओतलं आणि पुढच्या भाताला दुसरा गंज लावला. सहाशे माणसं जेवली. वरण फार छान झालं होतं म्हणे.

खुशी आधी गोंदियाला आणि मग नागपूरला दवाखान्यात होती. चार महिने. ती वाचली. पण कमरेपासून खालची कातडी मेणासारखी झाली आणि उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नाही. बकारामची बोटं आखडली, झारा धरता येईना, त्याचा धंदा गेला. तो अजून शेडमध्ये चहाला येतो. ‘मी म्हणलो होतो’ असं त्याने एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर प्राचीला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. बाकी सगळं गाव म्हणून मोकळं झालं. तिच्याच खुर्च्यांवर बसून बायका बोलायच्या, ‘फोटोच्या हौसेपायी पोरगी उकडली.’

दिवाळीच्या सुमारास प्राची एकटी भांडी घासत होती. मोबाइल वाजला. रिंकूने फोटो पाठवला होता. परातीत दोन जोड्या पाय, मागे मोरपंखी साडीतली प्राची, तोंडभर हसणारी. खाली लिहिलं होतं, ‘पाठवायचा राहूनच गेला होता. मस्त दिसून राहिली वो तू.’

फोटोत ती हसत होती त्याच क्षणी मांडवामागे काय चाललं होतं, हे रिंकूच्या लक्षात आलं नसेल का? मला ठरवता येत नाही. प्राचीने तो फोटो पुसून टाकला नाही. रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती तो उघडून बघते. मी बघतो तिला.

दुर्गेश मला भंगारात घालणार होता. तिने घालू दिलं नाही. शेडच्या दाराशी मला पालथं घातलं आहे. आत अंधार असतो.

खुशी आता सहा वर्षांची आहे, शाळेत जाते. शाळेत तिचं नाव खुशी नाही. मुलांनी तिचं नाव ‘शिजली’ ठेवलं आहे. ‘शिजली आली, वाढा रे!’ असं ओरडत ती तिच्यामागे शेडपर्यंत येतात. मित्रांनो, ती मुलं तुमच्याच वयाची आहेत. हे नाव मोठ्या माणसाला सुचलं नसतं.

परवा ती शाळेतून आली आणि माझ्या पाठीवर बसली. गुडघा ताणून ठेवला आणि आईला म्हणाली, ‘आई, याच्यात मी बसत होती ना?’

‘हो.’

‘मंग तूच बसवत होती ना मला?’

प्राचीने घासलेलाच झारा पुन्हा राखेत बुडवला.

‘हो, मीच,’ ती म्हणाली.

खुशीने मान डोलावली आणि दप्तर उघडून अभ्यासाला बसली. तिला फक्त विचारायचं होतं.

मी पालथा पडलेला गंज आहे, मला शिकवायला येत नाही. एवढंच सांगतो. तुम्ही हे वाचायला बसलात त्याला आता बराच वेळ झाला आहे. तुमच्या घरात तुमच्याहून लहान कुणी असेल. आई स्वयंपाकात असेल, तिला वाटत असेल की ते तुमच्याजवळ खेळतंय. त्याचा आवाज येतोय का? हाक मारून बसल्या जागी राहू नका. पान असंच उघडं ठेवा, उठा आणि ते कुठे आहे ते आपल्या डोळ्यांनी बघून या.