आईच्या मोबाइलातला राक्षस

मित्रांनो, मोबाइल जुना झाला हे कशावरून ओळखायचं? बॅटरीवरून नाही, तडकलेल्या काचेवरून तर नाहीच नाही. घरात एक दिवस कोणीतरी म्हणतं, “हा आता आईला देऊन टाक.” झालं. त्या दिवसापासून तो जुना. मी असाच जुना केलेला मोबाइल. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, खिळ्याला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माझं बिऱ्हाड. वयाची मला लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच आज सांगतो.

माझं लहानपण थाटाचं होतं. निळ्या टोप्या घातलेल्या मुलींनी लांबलचक सरकत्या पट्ट्यावर मला जोडलं, तपासलं, खोक्यात घातलं. घाटकोपरच्या दुकानातून सुशांतने मला घरी आणलं. सुशांत पवईच्या एका ऑफिसात कामाला, आणि मी त्याच्या पहिल्या पगाराची खरेदी. दसऱ्याला त्याने मला पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहिलं. “कॅमेरा बघ, कसला झकास!” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कौतुकाने मी तापायचो. खरं तर चार्जिंगने तापायचो, पण मला ते कौतुकच वाटायचं.

मग त्याने माझ्यात तो खेळ घेतला. नाव इंग्रजी, लांबलचक. घरात सगळे ‘राक्षसाचा गेम’ म्हणायचे. भाला घेतलेली एक शिपाईबाई किल्ल्याच्या तळघरात उतरते. दर वेळी खोल्या वेगळ्या, वाटा वेगळ्या. सापडेल ते हत्यार उचलायचं, लढत पुढे सरकायचं. मेलात की ढाल, औषधं, कमावलेली हत्यारं, सगळं गेलं. पुन्हा पहिली पायरी आणि हातात तोच साधा भाला. पहिल्या दरवाजापर्यंत खेळ फुकट. त्या दरवाजावर एक राक्षस उभा. त्याला मारलं की पाटी येते, पुढचे दरवाजे हवे असतील तर खेळ विकत घ्या. पैसे एकदाच, नंतर जाहिरात नाही, कटकट नाही. किंमत म्हणाल तर घरातल्या एका जेवणाला लागणाऱ्या बांगडा मासळीएवढी.

सुशांत हरला. हरणं काही गुन्हा नाही. पण माणूस मेला की तो राक्षस गडगडून हसायचा, आणि ते हसणं सुशांतच्या डोक्यात जायचं. “चीटिंग करतो साला!” म्हणून एकदा त्याने मला भिरकावलं. फेकायचं होतं पलंगावर, आदळलो कपाटाच्या कोपऱ्यावर. काच तडकली. आवाज कमी करायचं बटण आत रुतलं ते रुतलंच. मग त्याच तडकलेल्या काचेवर त्याने जगासाठी शेरा लिहिला, “फालतू गेम. नुसता छळ. कोणी पैसे घालू नका.” वर एक तारा, तोही भीक घातल्यासारखा. लवकरच त्याने नवा मोबाइल घेतला. माझ्यातले स्वतःचे फोटो काढून घेतले, खेळ काढायचा विसरला, आणि मी त्याच्या आईच्या हातात पडलो.

विमला तिचं नाव. मूळची कुडाळकडची. एरवी मुंबईचं बोलते, राग आला की मालवणी बाहेर पडते. माझ्याकडून तिला काय हवं? बहिणीशी बोलायचं, गॅसचा नंबर लावायचा, मंडळातल्या बायकांचे निरोप वाचायचे. पैसे द्यायची सोय सुशांतने माझ्यात ठेवलीच नाही. “तू भलत्यालाच पाठवशील, आई.” अरे, जिने तुझ्या बापाच्या अर्ध्या पगारात घर ओढलं, तिच्या बोटावर तुझा भरवसा नाही? पण बोलणार कोण? आम्हा मोबाइलांना सगळ्यांचे आवाज असतात, स्वतःचा तेवढा नसतो.

एका दुपारी भांडी आवरून ती ओट्याला टेकली होती. अंगठा चुकून त्या चित्रावर पडला. शिपाईबाई उभी राहिली. विमला दोन पावलं गेली आणि एका फडतूस वटवाघळाने तिला मारलं.

“अगो बाय!” ती म्हणाली. आणि पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिली.

सुशांतही हरायचा, विमलाही हरायची. फरक एवढाच, की हरल्यावर सुशांत माझ्याकडे रागाने बघायचा आणि विमला स्वतःच्या अंगठ्याकडे. “घाई केलीस, बये,” असं स्वतःलाच दटावायची. नारळ खवून तिचे हात दणकट झालेले, पण घाई हीच खोड. ती खोड तिने हळूहळू मोडली. आणि मग राक्षसाची खोड तिला दिसली. तो आधी हात उचलतो, मगच मारतो. हात उचलला की सगळे पळतात आणि मरतात. तेव्हा पळायचं नाही, त्याच्याच अंगावर जायचं, डाव्या बगलेखाली शिरायचं.

राक्षस पडला. दरवाजा उघडला. विमलाने तोंडावर पदर धरला आणि त्याच्याआड अशी हसली, की तसं हसणं त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मग पाटी आली. विकत घ्या. तिने ती वाचली आणि मला पिशवीत ठेवून दिलं.

त्यानंतर ती रोज त्या पाटीपर्यंत जायची आणि मागे फिरायची. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासळीवालीला पैसे न देणारी बाई ती. खेळही तिने तसाच पारखला. फसवतो का? नाही, सांगून मारतो. शिळा होतो का? नाही, खोल्या रोज नव्या. एकदा मला पदराने पुसता पुसता म्हणाली, “भांडी रोज घासते, रोज पुन्हा तीच भांडी. इथे निदान हात तरी काही शिकतो.” म्हणजे माल पसंत होता. अडलं होतं कुठे? तर सुशांतला सांगण्यावर. पन्नाशी उलटलेली तुझी आई दुपारी राक्षस मारते, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं? इमारतीखाली पुरुष रोज पत्ते कुटतात. तिचा नवरा सहदेवही त्यांतच. भर रस्त्यात बसून आरडाओरडा करतात, त्यांना कोणाची लाज नाही. आणि ही दाराला कडी घालून, उभ्या उभ्या, चोरी केल्यासारखी खेळायची. माझा तडकलेला जीव तडफडायचा नुसता.

आणि मग तिला तोंडघशी पाडलं ते मीच.

शेजारच्या सोनूबाईंचे दीर वारले. निरोप आला तेव्हा विमला राक्षसासमोर उभी होती. खेळ तसाच थांबवून तिने मला पर्समध्ये टाकलं आणि धावली. सोनूबाईंच्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. जावेचा हुंदका तेवढा ऐकू येत होता. विमलाने रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, बोट माझ्या काचेला लागलं, खेळ सुरू झाला. शिपाईबाई एका फटक्यात मेली. आणि त्या मयताच्या घरात राक्षस गडगडून हसला.

एरवी पंधरा टक्क्यांवर मान टाकणारा मी त्या दिवशी ठणठणीत होतो. बटण रुतलेलं. विमला दाबतेय, दाबतेय, आणि तो हसतोय. तेव्हाच कायमचा बंद पडलो असतो तर बरं झालं असतं.

“काय गं ते?” सोनूबाईंनी विचारलं.

“सुशांतचं... सुशांतने भरून ठेवलंय. मला मेलीला कुठे काय कळतं!”

ती खोटं बोलली आणि सगळ्यांना लगेच पटलं. एकीलाही शंका आली नाही, की हे हिचं असेल. मित्रांनो, राक्षसाच्या हसण्यापेक्षा मला त्या पटण्याची जास्त लाज वाटली.

संध्याकाळी सोनूबाईंनी सुशांतला जिन्यातच गाठलं. “काय रे, आईच्या मोबाइलात भुतं भरतोस? माणूस गेलेल्या घरात राक्षस हसवलास!” सुशांत लाल होऊन घरात आला.

“सॉरी आई. माझ्यामुळे तुझी वाट लागली. दे इकडे, काढून टाकतो.”

“राहू दे रे. नंतर काढ.”

“अगं, एका सेकंदाचं काम आहे.”

मी तिच्या मुठीत होतो. मूठ घट्ट झाली होती. वाटलं, आता बोलेल. बोल ना, बाई! पण मूठ सैल झाली. “काढ,” ती म्हणाली. त्याने दाबलं आणि खेळ गेला. आणि मी निर्लज्जाने माझ्या काचेवर दाखवलं, जागा मोकळी झाली.

पुढच्या दुपारी विमला ओट्याशी उभी राहिली, मला हातात घेतलं, चित्राची रिकामी जागा बघितली आणि फरशी पुसायला लागली. आदल्याच दिवशी पुसलेली फरशी.

मग एका रविवारी सुशांतचा ऑफिसातला मित्र मुकुल जेवायला आला. विमला तव्यावर घावणे घालत होती. मी बाजूच्या खिळ्याला. सहदेव खुर्चीत पेपर घेऊन. मुकुल म्हणाला, “सुश्या, तो भालेवालीचा गेम विकत घेऊ का रे? तुझा शेरा वाचला, पण मला मजा येतेय.”

“वेडा आहेस? पैसे पाण्यात. पहिला राक्षसच मरत नाही. मुद्दाम तसा केलाय.”

“मग पुढचं विकून पैसे कसे कमवणार ते, अक्कलवंता?”

“मरतो,” विमला म्हणाली.

तिची पाठ होती त्यांच्याकडे. तिने स्वतःलाही विचारलं नसावं, असं ते बाहेर पडलं.

“काय मरतो, आई?”

“राक्षस. हात उचलला की पळू नको. डाव्या बगलेखाली शिर.”

तव्यावरचा घावणा करपला. सहदेवने पेपर खाली केला. सुशांतने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं, की सोनूबाईंच्या घरात कोणाचा राक्षस हसला होता.

मुकुलने मात्र आपला मोबाइल पुढे केला. “काकी, दाखवाच!”

विमलाने हात धुतले, साडीला पुसले, खेळायला बसली. मला वाटलं, आता दाखवते ती सगळ्यांना. पण मुकुलचा मोबाइल मोठा, काच गुळगुळीत, बटणं भलतीकडे. राक्षसाने हात उचलला, ती धावली, अंगठा घसरला. मेली. घरभर ते हसणं.

“बघ, सांगितलं ना?” सुशांत म्हणाला, आणि त्याला बरंच वाटलं. मेल्याला आई हरल्याचं बरं वाटलं!

“ह्या वयात हे काय, विमल?” सहदेव म्हणाला. “लोकांना कळलं तर काय म्हणतील?”

“लोकांनी माझ्या पर्समधून राक्षस हसताना ऐकलाय. आता म्हणायचं काय राहिलंय त्यांचं?” विमला उभी राहिली. मग आवाज चढला आणि बोली बदलली. “माका तो खेळ होयो! विकत होयो. आणि चोरून नाय, हय बसान खेळतलंय.”

“पण हरलीस ना आत्ता?”

“हरलंय म्हणानच होयो. जिंकान झाला असता तर कित्या घेतलंय असतंय?”

मुकुलने मान डोलावली. त्याचा निर्णय तिथेच झाला. सुशांतने मला खिळ्यावरून काढलं. जरा ओशाळलाच होता, म्हणून चटकन खेळ शोधला. आणि मी काय दाखवलं माहीत आहे? ‘हा खेळ तुमच्या मोबाइलवर चालत नाही.’ जुना होता तो चालायचा; तो पुसला गेला. खेळाच्या नव्या आवृत्तीसाठी मी फार जुना. एवढ्या वर्षांत त्या बाईने तोंड उघडून पहिल्यांदा काही मागितलं, आणि नाही म्हणणारा मी!

“जाऊ दे, आई,” सुशांत सुटल्यासारखा म्हणाला. “नाहीच चालत, तर काय करणार?”

“तुझ्यावर चालतो?”

“माझ्यावर... चालतो.”

“मग दे.”

“अगं, माझा नवा आहे!”

“नवा आहे म्हणूनच चालतो ना?” आता ती शांत बोलत होती. “रात्रीची भांडी झाली की तासभर मला द्यायचा. तोवर हा धर. कोणाचा फोन आला तर जोरात बोल, ह्याला कमी ऐकू येतं.”

मुकुल हसला. सुशांत हसला नाही. त्याने आपल्या चकचकीत मोबाइलकडे बघितलं, मग माझ्या तडकलेल्या काचेकडे. ती काच त्यानेच तडकवली होती. मान खाली घालून त्याने पैसे भरले. मग जुना शेरा उघडला, एक तारा पुसला. नवा शेरा काय लिहायचा हे त्याला सुचेना. शेवटी लिहिलं, “माझ्याने होत नाही. माझी आई खेळते. घ्या.”

आता रोज तासभर मी सुशांतच्या हातात असतो. मी अडखळतो, अडकतो, मध्येच अंधारतो. तो चडफडतो, पण फेकत नाही. समोर विमला तिसऱ्या दरवाजावर मरत असते, दिवाणखान्यात बसून, दार सताड उघडं टाकून.

मित्रांनो, मला पुसा, जपा, वेळेवर चार्ज करा, असं मी सांगणार नाही. माझं काय, आज ना उद्या भंगारात जाईन. पण तुमच्या घरात फुटकं, रुतलेलं, उरलेलं कोणाच्या वाट्याला जातं, ते एकदा डोळे उघडून बघा. त्या माणसाला विचारा, तुला काय हवंय? उत्तर येईल, “मला काही नको.” मी त्या माणसाच्या हातात राहिलोय, म्हणून सांगतो. ते खोटं असतं.