साहेबरावांचा विरोध

महाळुंग्याच्या कारखान्यात साहेबराव ओव्हाळांना सगळे लंडन म्हणायचे. लेक आम्रपाली तिकडे इंग्लंडात लेस्टरला नर्स, आणि परदेशी नर्सांना कायमचं राहू देण्याचे नियम तिथल्या सरकारनं कडक करायला घेतलेले. तेव्हापासून साहेबराव जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तिकडची संसद लावून बसायचे. सरकारवर त्यांचा फारसा राग नव्हता हो, सरकार सरकारसारखंच वागणार. त्यांचं डोकं फिरायचं ते विरोधी पक्षनेत्यावर.

चांगला उंचापुरा, सूटबूट घातलेला माणूस. उठायचा, कागद नीट करायचा आणि म्हणायचा काय, तर निर्णय योग्य असेल, पण जरा घाईत झाला. साहेबराव टेबलावर हात आपटायचे. याच्यापेक्षा आपल्या गेटवरचा वॉचमन बरा, निदान आडवा तरी येतो, असं म्हणायचे. पोरं खो खो हसायची. या तोंडाकडे बघूनच तर सगळ्यांनी त्यांना कामगारांचा प्रतिनिधी म्हणून कमिटीवर निवडून दिलं होतं.

मार्चमध्ये कंपनीनं दुसऱ्या शिफ्टची देहूरोडची बस बंद करायचं काढलं. त्या बसनं अकरा बायका घरी जायच्या. त्यातली पॅकिंगची फरीदा साहेबरावांकडे आली. बस गेली तर घरचे नोकरी सोडायला लावतील, रात्री हायवेवर रिक्षा शोधत कोण उभं राहू देईल, असं तिनं सरळ सांगितलं आणि अकराजणींच्या सह्यांचा अर्ज हातात दिला.

"फरीदा, मी आहे ना तिथं," साहेबराव म्हणाले.

मीटिंगला मॅनेजरनं त्यांना शेजारी बसवलं. कपबशीतून चहा आला. आधी आम्रपालीची चौकशी झाली, तिकडे थंडी फार असेल नाही, वगैरे. बारा वर्षांत या माणसानं साहेबरावांना कधी बसा म्हटलं नव्हतं. गडी विरघळला. मग पडद्यावर बसचा खर्च आला आणि मॅनेजरनं विचारलं, तुमचं काय म्हणणं? अर्जासाठी खिशाकडे निघालेला हात मधेच कपाकडे वळला.

"निर्णय योग्यच असेल साहेब," ते म्हणाले. "फक्त जरा घाईत झाला."

बोलले आणि कान तापले त्यांचे. हे वाक्य कुणाचं, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. थांबा साहेब, एवढं म्हणायला अजून वेळ होता. पण मॅनेजरनं ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं, वर आभार मानले आणि कागद सहीला पुढं केला. मनातून शरमेनं मेल्यासारखं झालेलं, तरी पठ्ठ्यानं सही केली. आता याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी तो कागद नोटीस बोर्डावर लागला. फरीदानं उभ्या उभ्या वाचला. ती भांडली असती तर साहेबरावांना सोपं गेलं असतं.

"भाऊ, आमचा अर्ज दिलात का?" तिनं एवढंच विचारलं.

अर्ज त्यांच्या खिशातच होता. त्यांनी मान खाली घातली. तिनं डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन जेवली. पोरांनी लंडन लावायचा आग्रह केला, तर साहेबराव बॅटरी संपली म्हणाले.

महिनाअखेरीला बस बंद झाली आणि फरीदानं नोकरी सोडली.

त्याच आठवड्यात रविवारी आम्रपालीचा फोन आला. विरोधी पक्षनेता परत तेच बोलला होता, आणि आता नियम मंजूर होणार असं तिच्या हॉस्पिटलात सगळे म्हणत होते. बाबा आता त्याची सालटी काढतील म्हणून ती थांबली.

"असेल गं त्याची काही अडचण," साहेबराव म्हणाले.

"अडचण माझी आहे, बाबा," ती म्हणाली. "त्याला कसली आलीय अडचण?"

फरीदाला हेच म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही, याचीच साहेबरावांना जास्त लाज वाटली.