कुलूपबाईचे डोळे

मित्रांनो, क्लबच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर जे जुनं हेल्मेट दिसतंय ना, तो मी. हॉकीच्या गोलकीपरचं हेल्मेट. माझ्या जाळीचा रंग गेलाय, हनुवटीचा पट्टा बदललाय आणि उजव्या गालावर चेंडूनं पाडलेला खळगा आहे. तरी खालच्या फळीवरच्या नव्या, चकाचक हेल्मेटांचा मला काडीचाही हेवा वाटत नाही. का वाटावा? त्यांच्यावर वाघ आहेत, गरुड आहेत, कवट्या आहेत. माझ्यावर एक बाई आहे. आणि त्या बाईपुढे वाघाची काय बिशाद!

ही बाई माझ्यावर आली कशी, तेच तुम्हाला सांगायचंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा पांढरा होतो. माझ्यासारखे शेकडो होते, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. मुलींच्या संघातल्या गोलकीपरनं मला विकत घेतलं. तिला सगळे 'गोली' म्हणत. संघ नुकताच मोठ्या स्पर्धेत खेळायला लागला होता. कोचनी फर्मान सोडलं, "याच्यावर वाघ काढून आण. समोरची पोरगी बघूनच टरकली पाहिजे."

गोली मला घेऊन गेली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका खोलीत. तिथे दुकानांच्या पाट्या रंगवणारी एक चित्रकार काम करायची. गोली तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. खोलीत टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या आणि खिडकीत डबाभर ब्रश. ताईनं मला पालथ्या बादलीवर ठेवलं आणि वाघ काढायला घेतला.

आता खरं सांगू का? वाघ फसला. पट्टे छान होते, मिशाही झोकात होत्या, पण एकूण चेहरा दूध न मिळालेल्या मांजराचा. गोली बघायला आली आणि पोट धरून हसली. म्हणाली, "ताई, हा चावणार नाही हो, पायात घोटाळेल!"

ताईलाही हसू आलं. मग तिनं पॉलिश पेपर घेतला आणि वाघाला घासून काढलं. घासता घासता म्हणाली, "मी वाघ बघितलाय कुठे? ज्याला कधी घाबरलेच नाही, ते काढणार कसं?"

"मग तुम्ही घाबरलात कुणाला?" गोलीनं सहज विचारलं.

ताईचा हात थांबला. "आईला," ती म्हणाली.

मित्रांनो, ताईची आई मोठ्या हॉस्पिटलच्या दारावर कामाला होती. भेटायची वेळ संपली, की दारात उभं राहायचं आणि कुणालाही आत सोडायचं नाही, हे तिचं काम. लोक हाता-पाया पडत, भांडत, ओळखी सांगत. आई चष्म्याच्या वरून बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि एवढंच म्हणायची, "वेळ संपली. उद्या या." पुढचा माणूस कितीही मोठा असो, त्याची बोलती बंद. लोकांनी तिचं नाव ठेवलं कुलूपबाई. तिची नक्कल करून माणसं खदाखदा हसायची. शाळेत ताईला पोरं 'कुलूपबाईची पोरगी' म्हणायची आणि ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची.

"आता वाटतं," ताई गोलीला म्हणाली, "एवढ्या मोठ्या दारात एकटी उभी राहायची गं ती. हातात साधी काठी नाही. नुसत्या डोळ्यांवर गर्दी थोपवायची. तुझंही कामच ते, नाही का?"

गोली बादलीजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "काढा. त्यांनाच काढा."

मग काय काम केलंय म्हणता ताईनं! जाळीच्या वर, माझ्या कपाळावर आईचे डोळे आले. चष्म्याची वरची कड, तिच्यावरून रोखलेली नजर, भुवयांमधल्या दोन आठ्या. जाळीच्या खाली, हनुवटीवर, घट्ट मिटलेले ओठ. ताई मधेच दोन पावलं मागे जायची, माझ्याकडे बघायची आणि आपोआप ताठ उभी राहायची. तेव्हाच मी ओळखलं, की आपलं काम फत्ते!

कोचनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, वाघ सांगितला होता. ही कुणाची सासू?"

"सर, जरा समोर उभे राहा ना," गोली म्हणाली आणि मला डोक्यावर चढवलं. कोच समोर आले आणि त्यांनी नकळत खिशातला हात बाहेर काढला. पुन्हा वाघाचं नाव काढलं नाही.

त्या मोसमात आम्ही भल्याभल्यांना पाणी पाजलं. चेंडू घेऊन पोरी सुसाट यायच्या, माझ्याकडे नजर गेली की क्षणभर बिचकायच्या आणि तेवढ्यात गोली झेपावायची. मेहनत तिची, हे मला मान्य आहे. पण थोडं माझंही होतंच की! वर्तमानपत्रात माझा फोटो आला. माझी छाती फुगली. आता हेल्मेटाला छाती नसते, ते सोडा.

ताईनं मात्र ते पान घरी नेलंच नाही. आईला सांगितलं, आज पेपर आला नाही. तिच्या मनाला एकच गोष्ट खात होती. जन्मभर लोकांनी आईला त्या चेहऱ्यावरून हिणवलं. आता पोटच्या पोरीनंही तोच चेहरा मैदानात नेऊन टांगला, असं आईला वाटलं तर? गोलीजवळ ती म्हणाली होती, "तिला वाटलं ना, की मीपण हसणाऱ्यांतली, तर मी पुन्हा ब्रश हातात धरणार नाही."

आणि नेमकी अंतिम सामन्याला आई निघाली. ताईनं नाना सबबी सांगितल्या. ऊन लागेल, गर्दी असेल, बाकं कडक असतात.

"जन्मभर उभी राहिले मी," आई म्हणाली. "मला बाकाचं काय सांगतेस?"

सामना बरोबरीत सुटला. आता दोन्हीकडच्या पाच-पाच खेळाडूंनी एकेकटीनं समोरच्या संघाच्या गोलकीपरवर चालून जायचं होतं. सगळं मैदान चिडीचूप. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, त्या गोलीच्या डोक्यावर कोण म्हातारी बसलीय बघा!" आणि हशा पिकला. ताईनं नंतर गोलीला सांगितलं, की त्या वेळी आईनं पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि मान पुढे काढून ती माझ्याकडेच बघत राहिली.

इकडे आम्ही अडवत होतो. पहिली अडवली, दुसरी अडवली, तिसरीचा चेंडू माझ्या गालावर आदळला. हा खळगा तेव्हाचा बरं का! चौथी मात्र चकवून गेली. तिकडे आमच्या दोघींनी गोल केले होते. पाचवीला गोलीनं आडवं पडून थोपवलं आणि आम्ही जिंकलो.

नाचगाणं चालू असतानाच आई मैदानात आली. मागून ताई, पांढरीफटक. गोलीनं मला काखेत धरलं होतं. आई समोर उभी राहिली, आणि तिनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. मित्रांनो, मी तोवर कुणाला घाबरलो नव्हतो. तेव्हा घाबरलो.

"आई, हसायला नाही गं काढलं," ताई घाईघाईनं म्हणाली. "खरंच नाही."

आईनं तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं गोलीला विचारलं, "किती जणी आल्या गं आत घुसायला?"

"पाच, मावशी."

"आणि गेल्या किती?"

"एक सुटली," गोलीनं मान खाली घातली.

"सुटते एखादी," आई म्हणाली. "माझ्याकडूनही सुटायची. एक म्हातारे यायचे, त्यांची बायको आत होती. रोज उशीर व्हायचा त्यांना. मी सोडायचे. पण तोंड हे असंच ठेवून हं, अगदी असंच! जरा मऊ दिसले असते, तर मागचे सगळे घुसले असते आणि आजारी माणसांची झोप मोडली असती."

ताई म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं, तर तू शाळेत सांगितलं असतंस. मग मला कोण घाबरलं असतं?" आई म्हणाली. तिनं माझ्या भुवयांमधल्या आठ्यांवरून बोट फिरवलं. "छान काढलंयस. दे बघू इकडे."

आणि तिनं मला डोक्यावर चढवलं! सगळा संघ भोवती गोळा झाला. आई ताठ उभी राहिली आणि जुन्या आवाजात गरजली, "वेळ संपली! उद्या या!" पोरींनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. कोचही टाळ्या वाजवत होते.

"आई, काढ आता, गुदमरशील," ताई हसत म्हणाली.

"थांब जरा," आई म्हणाली.

ती का थांबली होती, ते त्या सगळ्या गर्दीत फक्त मला ठाऊक आहे. बाहेरून सगळ्यांना ते करारी डोळे दिसत होते. आत माझं अस्तर ओलं होत होतं. ती आनंदानं रडत होती आणि तोंड अगदी असंच ठेवून होती.

मित्रांनो, एवढी गोष्ट सांगितली, आता थोडं मागतो. माझा रंग उडाला तर पुन्हा द्या, पण घाईघाईनं वाघ काढू नका. कुठल्या दारात असा कडक चेहरा दिसला, तर नक्कल करण्याआधी जरा त्या माणसाशी बोला. आणि कपाट उघडल्यावर माझ्या अस्तराला वास येतो म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला सांगा, त्यात नुसता घाम नाही.