निखतबीचा आसाम

“हसते काहून वं पोरी?” निखतबीने ओठांत धरलेली टाचणी काढून विचारलं.

भाड्याने पोशाख देणाऱ्या त्या दुकानात टांगलेल्या आसामी पोशाखासमोर उभी राहून जोनाली ओढणीत तोंड लपवत होती. ती आसामची. अमरावतीच्या कॉलेजात फार्मसी शिकायला आली होती आणि मराठी होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायांकडून शिकली होती. त्यामुळे एखाद्या पुणेकराला घेरी यावी अशी अस्सल वऱ्हाडी बोलायची. कॉलेजच्या उद्याच्या ‘भारत दर्शन’ वेशभूषा स्पर्धेसाठी ती पिना घ्यायला आली होती, पोशाख तिचा घरचाच होता.

“चाची, आसामात असं नाही घालत,” ती म्हणाली. “खाली नेसाची मेखला वेगळी राह्यते, वरून घ्याची चादर वेगळी. तुमी तं दोन्ही एकात शिवून टाकले. अन् एवढा घेर कायले?”

“मंग स्टेजवर ते चादर घसरली म्हंजे? इज्जत कोनाची जाईन, तुयी का मायी?”

“माई माय बिहूच्या सणाले नाचते, तिची नाही घसरत.”

पोरगी पिना घेऊन गेली, पण निखतबीच्या काळजात एक टोचून गेली. पाटीवर ‘गुलफाम ड्रेसवाला’ असं नवऱ्याचं नाव असलं, तरी आतला अख्खा भारत तिने शिवला होता. तोही शाळेच्या तक्त्यावरची बोटाएवढी चित्रं पाहून. माहेर तेल्हारा, सासर अमरावती. त्यापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं. पण काश्मीरपासून केरळपर्यंत सगळे तिच्या मशीनखालून गेले होते, आणि त्यात आसाम तिचा लाडका. पहिलं बक्षीस दरवर्षी त्यालाच. पोरी महिनाभर आधी येऊन सांगून ठेवायच्या.

“खरंच चुकलं असंन का हो?” तिने गुलफामला विचारलं. त्यांचं घरात बोलणं उर्दूत, दुकानात वऱ्हाडीत आणि भांडण दोन्हींत चालायचं.

“ज्याले बक्षीस भेटते ते बरोबर,” गुलफाम म्हणाला. “तू कोनाजोळ बोलू नको. लोकायले समजलं का आसाम खोटा हाय, तं उद्या म्हनतीन पंजाबही खोटा. दुकान बसते आपलं.”

त्यातही खोटं काही नव्हतं. निखतबीने टाचणी पुन्हा ओठांत धरली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सभागृहात मंचाच्या पायरीजवळ सुईदोरा घेऊन बसली. ऐनवेळी कुणाची धोती सुटते, कुणाचा घागरा उसवतो, तेव्हा सगळ्यांना चाचीच आठवते. तिवस्याची रागिणी निखतबीचा आसाम घालून गिरकी घेत आली आणि शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. मागून जोनाली आली. सायीच्या रंगाचं रेशीम, लाल काठ, खांद्यावरून सोडलेली चादर. ती हळू चालत गेली. कुणी विशेष टाळी वाजवली नाही.

परीक्षक उत्तमराव सर भला माणूस. बक्षीस नाही तर निदान सल्ला तरी द्यावा म्हणून त्यांनी माईक घेतला. “रागिणीचा आसाम दरवर्षीसारखाच अप्रतिम! पहिलं बक्षीस त्यालाच! आणि दुसरी मुलगी... बेटा, साडी सुंदर आहे तुझी, पण आसामी पोशाख असा नसतो. पुढच्या वेळी जरा नीट पाहून ये.”

“माया मायचा आहे, सर,” जोनाली म्हणाली. तिच्याजवळ माईक नव्हता. ऐकलं ते फक्त पायरीजवळ बसलेल्या निखतबीने.

तिला भारी लाज वाटली. लेकराने आईचं रेशीम घालून परमुलखात उभं राहावं आणि त्याला कुणी खोटं म्हणावं, तेही आपल्या शिवणीपायी! ती उठली. पोशाखांवर नजर ठेवायला आलेल्या गुलफामने मागून बुरखा ओढला, तो तिने सोडवून घेतला आणि पायऱ्या चढली.

“सर, तुमची चूक नाही,” ती माईकवर म्हणाली. “तुमाले आसाम म्याच दाखवला, अन् म्याच चुकीचा दाखवला. हे पोरगी आसामची हाय. तिच्या आंगावर हाय तो खरा. मी शिवला तो तेल्हाऱ्याचा आसाम.”

सभागृहात जो हशा उसळला त्यात टाळ्या कधी मिसळल्या ते कळलंच नाही. उत्तमराव सरांनी भर मंचावर स्वतःचे कान पकडले. रागिणीने आपलं बक्षीस जोनालीच्या हातात कोंबलं. गुलफाम तेवढा डोकं धरून बसला होता.

संध्याकाळी दुकानात निखतबी आसामची शिवण उसवायला बसली. जोनाली शेजारी बसून चादरीच्या निऱ्या कशा घ्यायच्या ते दाखवत होती आणि चिवडा खात होती. दोरा निघाला, तशी चादर सुटून मांडीवर पसरली. निखतबीने ती हाताने सारखी केली. मग मान वर करून तिने टांगलेल्या पोशाखांच्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. पंजाब, बंगाल, मणिपूर, केरळ.

“अजी,” ती गुलफामला म्हणाली, “त्या कॉलेजात केरळची कोनी पोरगी हाय का, पाहा न जरा. तिले म्हना, चाय प्याले ये. मायं काही तिकडं जानं होनार नाही.”