चाळीस मिनिटं बिनकामाची

"पान अकरा," बिराम जोप म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर ओढला. "वाच. मोठ्यानं वाच."

शिकाऊ एजीदनं स्वतःचाच अहवाल हातात घेतला. "दर गिऱ्हाईकामागे सरासरी चाळीस मिनिटं धंद्याशी संबंध नसलेल्या बोलण्यात जातात. हा वेळ वाचवल्यास..."

"वाचवल्यास काय?"

"दिवसाला आणखी पाच गिऱ्हाईकं होतील, बाबा."

जोप हसले नाहीत. एरवी ते कशालाही हसायचे. खिडकीबाहेर डाकारचं दुपारचं ऊन होतं, आणि ऑफिसात आंब्याच्या खोक्यांचा वास इतका भरलेला की एजीदला आता तो यायचाही बंद झाला होता.

"सोमवारी तो कुलिबाली आलेला, बामाकोचा. त्याला मी काय म्हणालो?"

"म्हणालात, घेवडा खाऊन खाऊन फुगलायस, दारातून आत कसा आलास."

"आणि तो?"

"तो म्हणाला, जोपांच्या घरी घेवडा असता तर मी आलोच नसतो, तुम्हीच संपवला असता."

"मग?"

"मग चहा. मग परत तेच."

"आणि भाव?"

"भाव दोन मिनिटांत ठरला."

"ती दोन मिनिटं तुला दिसली," जोप म्हणाले. "चाळीस दिसली नाहीत."

टेबलावर त्याच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचा, विद्यापीठाचा फॉर्म पडला होता. खालच्या चौकटीत जोपांचा शेरा आणि सही हवी होती. शुक्रवारी पाचच्या आत तो विद्यापीठाच्या खिडकीवर दिला नाही तर वर्ष बुडणार, शिष्यवृत्ती थांबणार आणि एजीद थेट घरी. घर म्हणजे बुरुंडी, गितेगाजवळची एक टेकडी. पोरगा परदेशात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकतोय हे आईनं त्या टेकडीवर एकाही माणसाला सांगायचं सोडलं नव्हतं.

"तीन महिने रोज सकाळी मी तुला काहीतरी बोलतो," जोप म्हणाले. "एकदा तरी उलटून बोललास?"

"मोठ्यांना उलटून बोलत नाहीत, बाबा."

"कागद तुझे नीट असतात. खोकी नीट मोजतोस. पण तू इथं नव्हतासच. जो नव्हता त्याच्याबद्दल मी काय लिहू?" त्यांनी फॉर्म त्याच्याकडे सरकवला. कोराच.

*

रोज सकाळचं ते बोलणं एजीदला तोंडपाठ होतं. तो मारेम न्जाय यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचा, आणि मारेम मावशीनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं, की याचं ते लांबलचक आडनाव कुणाला म्हणता येत नाही, आजपासून हा न्जाय. तेव्हापासून ऑफिसात पाऊल टाकलं की जोप सुरू. "काय रे न्जाय, तुमच्या त्या खादाड घरात तुझ्यासाठी काही उरलं का? का परातच चाटलीस?"

कामगार हसायचे. एजीद खाली बघायचा.

त्याच्या टेकडीवर माणसाला खादाड म्हटलं की विषय संपला. मग त्या घरात कुणी मुलगी देत नाही. कोण काय जेवलं हे उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं, रस्त्यात उभं राहून साधं केळंही खायचं नसतं. वडील म्हणायचे, पोटाला तोंड नसतं, म्हणून तर माणूस माणूस असतो. आणि इथं एक म्हातारा, पन्नास माणसांना पोसणारा, रोज चारचौघांत त्याची अब्रू काढत होता. कशासाठी? एजीदला कळेना. 'संस्कृती आणि व्यवसाय' या पेपरात त्याला वीसपैकी सतरा होते, वर्गात सगळ्यात जास्त. त्यात कुठल्या देशात वाकायचं, कुठं हात मिळवायचा, भेट कशात गुंडाळायची, सगळं होतं. हे नव्हतं.

त्यानं एकच केलं. खाणं कमी केलं. घरी रात्री भाताच्या मोठ्या परातीभोवती सगळे बसायचे तेव्हा हा चार घास घेऊन उठायचा. मारेम मावशी फक्त त्याच्या बाजूला मासा सरकवायची, आणि तो तिथंच राहायचा.

त्या संध्याकाळी कोरा फॉर्म घेऊन तो आला तेव्हा ती कांदे सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"थांब," ती म्हणाली. "जोप तुला खादाड म्हणाला, आणि तू गप्प?"

"हो."

"तीन महिने?"

"हो, मावशी."

ती हसायला लागली. इतकी हसली की कांद्याचं पाणी आणि हसण्याचं पाणी एक झालं. मग पदरासारखं ओढणीचं टोक डोळ्यांना लावून गंभीर झाली. "अरे, जोप आणि न्जाय म्हणजे जन्माचे टिंगलीचे भाऊबंद. माझा आजा त्यांच्या आज्याला चोर म्हणायचा, भर लग्नात. राग धरायचा नाही हा नियमच आहे. त्यानं तुला घरात घेतलं रे. शिव्या काय पाहुण्याला देतात का?"

एजीदनं हातातला कोरा फॉर्म खाली ठेवला.

"आणि तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. रोज. वर तिथं बसून वेळ मोजलास." तिनं पुढचा कांदा उचलला. "बरं, उद्या जायचं आणि बोलायचं. चल, मी जोप. बोल मला."

"जोप बाबा, माफ करा, पण आपण जरासे..."

"माफ करा कशाला?"

"जोप बाबा, आपण आळशी आहात, असं लोक म्हणतात."

"लोक गेले खड्ड्यात. तू काय म्हणतोस?"

रात्रीच्या जेवणापर्यंत तालीम चालली. शेजारच्या दोन बायकाही येऊन बसल्या, त्यांनी सुचवलेलं तर तोंडातून काढण्यासारखंच नव्हतं. एजीदची जीभ प्रत्येक वेळी 'बाबा'पाशी येऊन अडकायची.

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो ऑफिसात पोचला तेव्हा शटर अर्धं खाली होतं. जोपांच्या बायको, सोखना, पहाटे वारल्या होत्या. दुपारचा डबा ऑफिसला त्याच पाठवायच्या, सगळ्या कामगारांसाठीसुद्धा. डब्यावर कधी नाव नसायचं. एजीदनं त्यांना दोनदाच बघितलं होतं. सूर्य मावळायच्या आत माती झाली.

गुरुवारी ऑफिस बंद. मारेम मावशी तिकडेच होती. रात्री परतली ती आवाज बसवून. "एक शब्द बोलत नाही तो. जेवला नाही कालपासून. पोरं समोर परात ठेवतात, तो बघतसुद्धा नाही."

शुक्रवारी दुपारी ती त्याला न्यायला आली. एजीदनं शर्टाला इस्त्री केली होती. फॉर्म घडी करून वरच्या खिशात.

तिचं लक्ष खिशाकडे गेलं.

"पाच वाजता खिडकी बंद होते, मावशी. मी मागणार नाहीये. फक्त... असू दे."

"असू दे," ती म्हणाली. वाटेत थोडं चालल्यावर म्हणाली, "तिथं सगळे रडणारच. आपलं काम वेगळं. जोपाच्या घरी मयत झालं की न्जायनं हसवायचं असतं. दुसरं कुणी बोललं तर मार खाईल."

"मावशी, मयतात?"

"मयतातच तर."

घरासमोर रस्त्यावरच मांडव घातला होता. चटयांवर माणसं, कुणी माळ ओढतंय, कुणी नुसतंच बसलंय. मधोमध बिराम जोप, पांढऱ्या कपड्यांत. तीन दिवसांत माणूस कपड्याच्या आत कुठंतरी लहान झाला होता. समोर परात, वर झाकण.

मारेम मावशी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. कंबरेवर हात ठेवला. माणसं सावरून बसली, आता काहीतरी ऐकायला मिळणार.

"ए जोप," ती म्हणाली. "तू..."

पुढं आवाज फुटलाच नाही. सोखना आणि ती चाळीस वर्षं एकाच नळावर पाणी भरत होत्या. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जोपांनी मान वर केली, बघितलं आणि परत खाली घातली. मांडवात कुणीतरी हुंदका दिला.

एजीद तिच्या मागे उभा होता.  पाय धरून टेकडीवरची सगळी माणसं त्याला खाली ओढत होती, वडील सगळ्यात पुढं. मग त्याचं तोंड उघडलं, आणि जे आलं ते तालमीतलं नव्हतं.

"मी गच्चीवर होतो," तो म्हणाला. "खालून कुणीतरी ओरडलं, एक जोप तीन दिवस जेवला नाही. मी म्हटलं खोटं. मी स्वतः बुरुंडीहून आलोय, खूप चमत्कार ऐकलेत, पण भरली परात समोर आणि जोप गप्प? हा चमत्कार बघायलाच आलोय."

माळ ओढणारी बोटं थांबली. एका तरुण मुलानं उठायला सुरुवात केली. एजीदला वाटलं, संपलं. सहीही गेली आणि मारही बसणार.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी फिस्सकन हसली. तिला थांबवायला दुसरीनं तोंडावर हात ठेवला आणि ती स्वतःच हसली.

जोपांनी हळूहळू मान वर केली. "कोण बोलला हा?"

"आमचा पोरगा," मारेम मावशी म्हणाली, बसलेल्या आवाजात.

"याला बोलायला कुणी शिकवलं?"

"भुकेनं," एजीद म्हणाला. "तुमच्या ऑफिसात तीन महिने काढले, जोप."

यावेळी 'बाबा' राहून गेलं. जोपांचे खांदे हलायला लागले. त्यांनी बाहीनं तोंड झाकलं. हसतायत की रडतायत ते कुणालाच कळलं नाही, आणि कुणी बघायलाही गेलं नाही. बऱ्याच वेळानं बाही खाली आली.

"काढ झाकण," ते त्या तरुण मुलाला म्हणाले. "नाहीतर हा न्जाय परातीसकट खाईल."

एजीद त्यांच्या शेजारी बसला. जोपांनी एक घास घेतला, मग थांबून दुसरा. एजीदनंही खाल्लं, रस्त्यात, पन्नास अनोळखी माणसांसमोर, पोट भरेपर्यंत.

हात धुऊन झाल्यावर जोप म्हणाले, "तुमच्याकडे माणूस गेलं की काय बोलतात?"

"काही नाही, बाबा. आमच्याकडे बोलत नाहीत. येऊन बसतात."

"किती वेळ?"

"ज्याचं गेलंय तो उठेपर्यंत."

जोपांनी मान हलवली. चटईवर थोडे सरकले.

"मग बस," ते म्हणाले.

एजीद बसला. उतरत्या दुपारच्या नमाजाची बांग झाली, म्हणजे पाच वाजले होते. विद्यापीठातल्या खिडकीवरच्या बाईंनी आता फळी ओढली असेल. माणसं उठली, रांगेत उभी राहिली, परत येऊन बसली. मारेम मावशी आत बायकांत गेली. ऊन मांडवाच्या काठावरून सरकत जोपांच्या पायांशी आलं, आणि तो म्हातारा माणूस कुणाला काहीही उत्तर द्यावं न लागता, डोळे मिटून, त्याच्याशेजारी बसून राहिला.